आंतरक्रिया सार्थक आली, आता प्रबंधात काय लिहायचं?

अंधेरीहून घाटकोपरला जाताना बसऐवजी मेट्रो धरली तर किती वेळ वाचतो? उपनगरातला माणूस याचं उत्तर एका आकड्यात देणार नाही. तो आधी विचारेल, ‘निघताय कधी?’ दुपारी दोनला निघालात तर फरक बेताचा. संध्याकाळी सातला साकीनाक्याच्या सिग्नलला अडकलात तर फरक भलताच. टू-वे अ‍ॅनोवाच्या कोष्टकात ‘इंटरॅक्शन’ म्हणून जी ओळ येते, ती एवढंच सांगत असते. एका घटकाचा परिणाम किती, हे दुसऱ्या घटकाच्या कोणत्या पातळीवर आपण आहोत त्यावर ठरतं. रस्त्यावर हे सगळ्यांना कळतं. सॉफ्टवेअरचं आउटपुट समोर आलं की मात्र भलेभले गडबडतात.

हा लेख अशांसाठी आहे, ज्यांचा डेटा गोळा झालाय, कोष्टक छापून आलंय आणि गाईडने समासात ‘इंटरॅक्शन स्पष्ट करा’ एवढाच शेरा मारलाय. एम.एड., मानसशास्त्र, व्यवस्थापन, कृषी, विषय कुठलाही असो, प्रबंधातला क्रम ठरलेला असतो. पहिल्या घटकाच्या परिकल्पनेला एक परिच्छेद, दुसऱ्याला एक, आणि शेवटी ‘आंतरक्रिया सार्थक आढळली, म्हणून शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येतो’ असं एक वाक्य टाकून विद्यार्थी मोकळा. वाचायची सुरुवात या शेवटच्या ओळीपासून व्हायला हवी. ती वाचल्याशिवाय वरच्या दोन ओळींचा अर्थ लावता येत नाही.

आकडे घेऊन बघू. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ला सुरू झाली. सुमारे ११.४ किलोमीटर, बारा स्टेशनं, सगळा मार्ग खांबांवरून. समजा, अंधेरी ते घाटकोपर अशा चाळीस फेऱ्यांची नोंद आपल्याकडे आहे: वीस बसने, वीस मेट्रोने, आणि प्रत्येकी अर्ध्या दुपारच्या निवांत वेळेतल्या, अर्ध्या संध्याकाळच्या गर्दीतल्या. म्हणजे चार कप्पे, प्रत्येकात दहा फेऱ्या. घरातून निघाल्यापासून पोहोचेपर्यंतची सरासरी अशी धरू: बस, निवांत वेळ ४५ मिनिटं, बस, गर्दी ८०, मेट्रो, निवांत ३०, मेट्रो, गर्दी ३४. हे आकडे सरावासाठी मी बनवलेले आहेत, ते मोजमाप म्हणून कुठे उद्धृत करू नका.

आता मुख्य परिणाम काढा. बसची एकूण सरासरी ६२.५, मेट्रोची ३२. म्हणजे मेट्रोने ३०.५ मिनिटं वाचतात. अ‍ॅनोवा हे सार्थक ठरवेल आणि प्रबंधात ते ठळक अक्षरांत जाईल. पण या ३०.५ मिनिटांची बचत होते कोणाची? दुपारच्या प्रवाशाची १५ मिनिटं वाचतात, संध्याकाळच्याची ४६. साडेतीस मिनिटं वाचलेला माणूस या चाळीस फेऱ्यांच्या कोष्टकात सापडत नाही. हा आकडा खोटा नाही, दोन खऱ्या आकड्यांची सरासरी आहे. फक्त तो वाचून कोणाला काही ठरवता येत नाही.

आंतरक्रियेचा गाभा म्हणजे या दोन फरकांमधला फरक. ४६ वजा १५, म्हणजे ३१ मिनिटं. उलट बाजूने काढलंत तरी तोच आकडा येतो. गर्दीमुळे बसचा वेळ ३५ मिनिटांनी वाढतो, मेट्रोचा ४ मिनिटांनी. ३५ वजा ४, पुन्हा ३१. गणिताला दोन्ही बाजू सारख्याच. ‘साधनाचा परिणाम वेळेवर अवलंबून’ म्हणायचं की ‘वेळेचा परिणाम साधनावर अवलंबून’, हे संशोधकाने आपल्या प्रश्नावरून ठरवायचं असतं. प्रवाशाला सल्ला द्यायचा असेल तर पहिलं वाक्य कामाचं. वाहतुकीचं नियोजन करणाऱ्याला दुसरं, कारण त्यात कारणही दिसतं: बस अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या गर्दीत इतर वाहनांबरोबर अडकते, मेट्रोला स्वतःचा रूळ आहे. अ‍ॅनोवा ते कारण सांगत नाही. ते तुम्हाला विषयाच्या माहितीतून आणावं लागतं.

आंतरक्रिया नसती तर काय दिसलं असतं, हेही एकदा हाताने काढून बघा. दहा मिनिटांचं काम आहे. सगळ्या फेऱ्यांची सरासरी ४७.२५. मेट्रो त्यापेक्षा १५.२५ने कमी, गर्दी त्यापेक्षा ९.७५ने जास्त. नुसती बेरीज-वजाबाकी केली तर गर्दीतल्या मेट्रोला ४१.७५ मिनिटं लागायला हवीत. प्रत्यक्षात लागली ३४. हा पावणेआठ मिनिटांचा फरक चारही कप्प्यांत तेवढाच निघतो, दोनांत अधिक आणि दोनांत उणे. त्याचा वर्ग करून चाळिसाने गुणलं की २४०२.५ येतात, आणि कोष्टकातल्या इंटरॅक्शनच्या ओळीत वर्गांची बेरीज म्हणून नेमका हाच आकडा छापलेला असतो. एकदा हे केलं की ती ओळ सॉफ्टवेअरची करामत वाटत नाही.

मग चित्र काढा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर मिनिटं, बसची एक रेघ, मेट्रोची एक. समांतर असतील तर आंतरक्रिया नाही. इथे बसची रेघ सरळ वर चढते, मेट्रोची जवळपास आडवी राहते. दुसरं चित्र अक्ष बदलूनही काढा. एका चित्रात रेघा एकमेकींना न छेदणाऱ्या आणि दुसऱ्यात छेदणाऱ्या, असंही होऊ शकतं, आणि मग ‘क्रम बदलतो’ असं म्हणताना कोणत्या घटकाचा क्रम, हे स्पष्ट लिहावं लागतं. उभा अक्ष कुठून सुरू होतो याकडेही लक्ष असू द्या. एक्सेल आपल्या मनाने अक्ष कापतं आणि दोन गुणांचा फरक डोंगराएवढा दिसतो. सरासरीच्या टिंबांवर विश्वासांतराच्या उभ्या रेघा नसतील तर रेघा समांतर आहेत की नाहीत हे नुसत्या डोळ्यांनी ठरवू नये.

रेघा छेदतात तेव्हा मुख्य परिणाम सगळ्यात जास्त फसवतात. भांडुप-मुलुंडच्या शाळांत होऊ शकेल असा एक प्रयोग डोळ्यांसमोर आणा: अध्यापन पद्धती दोन, गटचर्चा आणि व्याख्यान, माध्यम दोन, मराठी आणि सेमी-इंग्रजी. मराठी माध्यमात गटचर्चेच्या गटाला सरासरी ६२ गुण, व्याख्यानाच्या गटाला ५४. सेमी-इंग्रजीत उलट, ५३ आणि ६१. दोन्ही पद्धतींची एकूण सरासरी साडेसत्तावन्न. पद्धतीच्या ओळीत एफचं मूल्य शून्य येणार आणि विद्यार्थी लिहिणार, ‘अध्यापन पद्धतीचा संपादनावर परिणाम होत नाही.’ अहो, आठ-आठ गुणांचा परिणाम होतोय, फक्त दोन विरुद्ध दिशांना! अशा वेळी मुख्य परिणामाची परिकल्पना स्वीकारली की त्यागली याला काही अर्थच उरत नाही. माध्यमानुसार वेगळं लिहा आणि पुढे जा.

हा नुसता कल्पनेचा खेळ नाही, शेतीत असा प्रकार खरोखर घडलेला आहे. आपल्याकडच्या जुन्या उंच गव्हांना नत्राची मात्रा वाढवली की ताटं उंच जायची, ओंबीच्या वजनाने पीक लोळायचं आणि उत्पादन हाती येत नसे. मेक्सिकोहून आलेल्या बुटक्या वाणांची ताटं त्याच खताला उभी राहिली. १९६६ साली भारताने त्या गव्हाचं १८,००० टन बियाणं आयात केलं, ते वाण आणि खत यांच्या या आंतरक्रियेवर भरवसा ठेवून. ‘नवं वाण चांगलं का?’ आणि ‘जास्त खत चांगलं का?’ हे प्रश्न सुटे विचारले असते तर दोन्हींची उत्तरं गुळमुळीत आली असती.

या पद्धतीचा जन्मही शेतातलाच. रोनाल्ड फिशर आणि विनिफ्रेड मॅकेन्झी यांनी १९२३ साली इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या बटाट्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न असा होता, की बटाट्याच्या निरनिराळ्या जाती खताला सारखाच प्रतिसाद देतात का? म्हणजे प्रश्नच आंतरक्रियेचा होता, आणि त्यांना ती सार्थक आढळली नाही. आपल्याकडे हे तंत्र शेतकी संशोधकांच्या हाती दिलं ते वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांनी. त्यांचं ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर अ‍ॅग्रिकल्चरल वर्कर्स’ हे पुस्तक भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ साली काढलं. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. संख्याशास्त्राचे विद्यार्थी त्यांना नमुना पाहणीसाठी ओळखतात, पण शेतकी प्रयोगाचं कोष्टक कसं वाचायचं हे त्या पुस्तकात सोदाहरण शिकायला मिळतं.

फिशर-मॅकेन्झींच्या त्या लेखात आणखी एक गोष्ट आहे. त्यांनी बेरजेच्या सूत्राबरोबर गुणाकाराचंही सूत्र लावून पाहिलं होतं. हा मुद्दा आजही बऱ्याच प्रबंधांत वगळला जातो, म्हणून इथे जरा थांबतो. घरभाड्याचं उदाहरण घ्या, आकडे पुन्हा कल्पित. अंधेरीत वन बीएचके ४० हजार, टू बीएचके ६० हजार. मुलुंडमध्ये ३० आणि ४५. एक खोली वाढली की अंधेरीत २० हजार वाढतात, मुलुंडमध्ये १५ हजार. रुपयांत मोजलं तर आंतरक्रिया आहे. पण दोन्हीकडे भाडं दीडपटच होतंय! भाड्याचा लॉगरिदम घेऊन तोच अ‍ॅनोवा चालवा, आंतरक्रिया नाहीशी होते. मग खरं काय? दोन्ही. भाडेकरूच्या खिशातून रुपये जातात, त्याला पाच हजारांचा फरक खराच आहे. बाजार कसा चालतो याचा अभ्यास करणाऱ्याला मात्र दोन्ही उपनगरांत एकच नियम दिसतो. म्हणून पैसे, वेळ, उत्पादन असं काही मोजत असाल आणि सरासरी वाढेल तसा विखुरलेपणाही वाढत असेल, तर दोन्ही मापांवर तपासा आणि कोणतं माप का निवडलं ते लिहा. मेट्रोच्या आकड्यांत आंतरक्रिया दोन्ही मापांवर टिकते: दुपारी बसला मेट्रोच्या दीडपट वेळ, गर्दीत सुमारे २.३५ पट. रेघा छेदत असतील तर लॉगरिदम घेऊनही त्या समांतर होत नाहीत.

सगळ्यात जास्त आढळणारी चूक अजून बाकी आहे, आणि ती टू-वे अ‍ॅनोवा न करताच होते. विद्यार्थी मराठी माध्यमाचा वेगळा टी-टेस्ट करतो, पी ०.०३ येतो. इंग्रजी माध्यमाचा वेगळा करतो, पी ०.०९. निष्कर्ष लिहितो, ‘नवी पद्धत मराठी माध्यमात परिणामकारक आहे, इंग्रजी माध्यमात नाही.’ मागचे आकडे उघडून बघा. मराठीत वाढ ६ गुणांची, प्रमाण त्रुटी २.७५. इंग्रजीत वाढ ५ गुणांची, प्रमाण त्रुटी २.९. दोन वाढींतला फरक एका गुणाचा, आणि त्या फरकाची प्रमाण त्रुटी ४. एका बाजूचा पी ०.०५च्या अलीकडे आणि दुसरीचा पलीकडे पडला, एवढ्याने दोन माध्यमं वेगळी ठरत नाहीत. वेगळी आहेत म्हणायचं तर आंतरक्रियेचीच चाचणी लागते. आपल्याच विद्यार्थ्यांना बोल लावायला नको. सँडर न्यूवेनहाउस आणि सहकाऱ्यांनी २०११ साली मेंदूविज्ञानाच्या नामवंत नियतकालिकांतले लेख तपासले, तेव्हा अशी तुलना करणाऱ्या लेखांपैकी ७८ लेखांत ती बरोबर केली होती आणि ७९ लेखांत चूक.

आंतरक्रिया सार्थक आली की पुढची पायरी साध्या परिणामांची, म्हणजे एका घटकाची एकेक पातळी धरून दुसऱ्याचा फरक काढण्याची. फक्त पी देऊन भागत नाही, फरक आणि त्याचं विश्वासांतर द्या. आर वापरत असाल तर ‘ईएममीन्स’ पॅकेज हे करतं. एसपीएसएसमध्ये सिंटॅक्सच्या ‘ईएममीन्स’ ओळीत ‘कम्पेअर’ लिहावं लागतं. मेट्रोच्या उदाहरणात कप्प्यांतर्गत प्रमाण विचलन १० मिनिटं धरलं तर उतारा साधारण असा होईल:

‘प्रवासाचे साधन आणि वेळ यांची आंतरक्रिया सार्थक आढळली, एफ (१, ३६) = २४.०३, पी < ०.००१. निवांत वेळेत मेट्रोने बसपेक्षा १५ मिनिटे कमी लागली (९५ टक्के विश्वासांतर ६ ते २४), तर गर्दीच्या वेळेत ४६ मिनिटे कमी लागली (३७ ते ५५). मेट्रो दोन्ही वेळांत जलद असली तरी बचतीचे प्रमाण वेळेनुसार बदलत असल्याने साधनाचा एकत्रित परिणाम स्वतंत्रपणे मांडलेला नाही.’

तीन वाक्यं, त्यात दिशा, आकार आणि खात्री तिन्ही आले. मुख्य परिणाम कोष्टकात राहू द्या, काढून टाकू नका. आणि ‘आंतरक्रिया असेल तर मुख्य परिणाम बघायचाच नाही’ असा जो नियम वर्गात सांगतात, तो जरा कडकच आहे. वरच्या उदाहरणात मेट्रो दोन्ही वेळांत पुढे आहे, तेवढं एका उपवाक्यात म्हणायला हरकत नाही. रेघा छेदत असतील तर मात्र तेही म्हणू नये.

आता यंत्रातल्या खाचखळग्यांबद्दल थोडं. एक्सेलच्या डेटा अ‍ॅनालिसिसमध्ये टू-फॅक्टर अ‍ॅनोवाचे दोन पर्याय असतात, ‘विथ रेप्लिकेशन’ आणि ‘विदाउट रेप्लिकेशन’. दुसरा निवडलात तर इंटरॅक्शनची ओळच येत नाही, कारण त्यात प्रत्येक कप्प्यात एकच निरीक्षण धरलेलं असतं. पहिला निवडायचा तर सगळ्या कप्प्यांत निरीक्षणं सारखी हवीत, आणि प्रत्यक्षात परीक्षेच्या दिवशी दोन मुलं गैरहजर असतातच. कप्पे असमान झाले की वर्गांची बेरीज काढण्याच्या पद्धतीवरून मुख्य परिणामांचे आकडे बदलतात. आरचं साधं ‘एओव्ही’ घटक ज्या क्रमाने लिहाल त्या क्रमाने हिशोब करतं, एसपीएसएस मुळातच टाइप थ्री वापरतं. एकच डेटा, दोन मैत्रिणींच्या दोन लॅपटॉपवर दोन उत्तरं, ती यामुळे. सर्वांत शेवटी येणारी आंतरक्रियेची ओळ दोन्हीकडे सहसा जुळते. न जुळणाऱ्या ओळी वरच्या असतात. कोणता प्रकार वापरला ते प्रबंधात लिहा, म्हणजे व्हायव्हाला तोंडघशी पडायची वेळ येत नाही.

शाळांवरच्या संशोधनात याहून मोठी अडचण तुकडीची. ‘अ’ तुकडीला नवी पद्धत, ‘ब’ तुकडीला जुनी, हे दोन शाळांत केलं की कागदावर १६० विद्यार्थी दिसतात, पण पद्धत मिळाली ती चार तुकड्यांना. प्रत्येक कप्प्यात एकच तुकडी, मग पद्धतीचा फरक, बाईंचा फरक आणि तुकडीच्या मूळ तयारीचा फरक वेगळा करणार कसा? इथली ‘आंतरक्रिया’ एखाद्या हुशार तुकडीची करणीही असू शकते. शाळा वाढवणं किंवा प्रत्येक तुकडीतच चिठ्ठ्या टाकून गट पाडणं, हे दोनच खरे उपाय. प्रवासाच्या नोंदींचंही तेच: चाळीस फेऱ्या चार मित्रांनी मिळून केल्या असतील तर ती चाळीस स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. शिवाय गर्दीतल्या बसच्या वेळा आज ६० तर उद्या १०५ अशा उसळतात आणि मेट्रोच्या एकमेकींना धरून राहतात, म्हणजे सगळ्या कप्प्यांत प्रसरण सारखं हे गृहीतकही तपासावं लागणार.

आंतरक्रिया सार्थक नाही आली, तर? ‘आंतरक्रिया नाही’ असं लिहू नका, ‘आढळली नाही’ लिहा आणि विश्वासांतर द्या. ते अंतर उणे २ ते अधिक ३ गुण असेल तर फरक नगण्य आहे असं म्हणता येईल. उणे ९ ते अधिक १२ असेल तर तुमच्या नमुन्याला काहीच सांगता आलेलं नाही. असं वारंवार होतं, आणि त्यामागे साधं गणित आहे. दोन बाय दोनच्या मांडणीत मुख्य परिणाम म्हणजे दोन अर्ध्यांतला फरक, आंतरक्रिया म्हणजे चार पाव-भागांतल्या फरकांचा फरक. तिची प्रमाण त्रुटी दुप्पट असते. तेवढ्याच आकाराची आंतरक्रिया तेवढ्याच खात्रीने पकडायला चौपट नमुना लागतो, आणि आंतरक्रिया मुख्य परिणामाच्या निम्मी असेल, जे बऱ्यापैकी वास्तव गृहीत आहे, तर सोळापट. ऐंशी विद्यार्थी मुख्य परिणामाला पुरत असतील तर आंतरक्रियेला बाराशे ऐंशी लागतील. घाटकोपर ते मुलुंड सगळ्या शाळा पालथ्या घातल्या तरी एकट्या विद्यार्थ्याला हे झेपणारं नाही.

म्हणून हा हिशोब सिनॉप्सिस देण्याआधी करा. आंतरक्रिया हाच प्रश्न असेल तर प्रत्येक घटकाच्या दोनच पातळ्या ठेवा, आणि त्याही एकमेकींपासून शक्य तितक्या दूरच्या. पूर्वचाचणीचे गुण सहचल म्हणून घ्या, म्हणजे त्रुटी आटोक्यात येईल. कोणत्या दिशेची आंतरक्रिया अपेक्षित आहे ते आधीच लिहून ठेवा. आणि नमुना पुरणारा नसेल, तर ती परिकल्पना मुख्य यादीतून काढून ‘प्राथमिक चाचपणी’ या शीर्षकाखाली टाकायला गाईडची परवानगी आत्ताच मागून घ्या. डेटा आल्यावर मागितली तर ती सबब वाटते.